हिरव्या पुस्तकाची पहिली वाचक

मीनाक्षी गेली त्याच्या चार दिवस आधी मी तिच्याशी खोटं बोलले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी कुणाचा गैरसमज नको. बातमी आली मंगळवारी सकाळी. मी कंपनीच्या बसमध्ये होते, सिरुसेरीच्या वाटेवर, नेहमीसारखी खिडकीला डोकं टेकून पेंगत. फोन तिच्या धाकट्या भावाचा, रघूचा. "वैशूअक्का..." म्हणाला. मग हळूच, "अक्का पोयिट्टा." गेली. घरात जन्मभर मराठी बोललेला माणूस, पण ते एक वाक्य त्याला तमिळमध्येच उच्चारता आलं. मी "बरं" म्हणाले. बरं! बस सिग्नलला उभी होती, शेजारची मुलगी कानात गाणी घालून बसली होती, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो रडण्याचा नव्हता. आता मी पकडली जाणार नाही, हा होता. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं.

त्या शुक्रवारी ऑफिसातून थेट तिच्याकडे गेले होते. वेस्ट मांबलममधला तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथे खिडकी उघडी असली की स्टेशनवरची घोषणा थेट स्वयंपाकघरात ऐकू येते. रघूच्या बायकोनं कॉफी दिली. मीना उशांना टेकून बसली होती. कॅन्सरनं तिला इतकी लहान करून टाकली होती की बारा वर्षांची मीना पुन्हा दिसायला लागली होती, फक्त केस नव्हते. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोललो. मग ती म्हणाली, "वैशू, त्या हिरव्या पुस्तकाचा शेवट सांग की मला. मला आता वाचवत नाही, अक्षरं हलतात." मी म्हटलं, "तुला पाठ आहे की." तर म्हणते, "तुझ्या तोंडून ऐकायचा आहे." मग मी सांगितला. "बाप परत येतो... दोघं मिळून होडी बांधतात, घरी जातात, ती त्याला गरम भात वाढते." मीनानं डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "छान. बहु छान शेवट, डी." आणि मग, "पुढच्या शनिवारी माझ्या क्लासला येऊन तूच सांग पोरांना तें पुस्तक. मी काही येत नाही आता." मी म्हटलं बघते, ऑफिसात रिलीज आहे. रिलीज! जशी काही माझ्यावाचून कंपनी बुडणार होती.

ते पुस्तक मी वाचलेलंच नव्हतं. बत्तीस वर्षं झाली, वाचलेलं नव्हतं.

आमचे बाबा रेल्वेत. बदली होऊन आम्ही नागपूरहून मद्रासला आलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि शाळेत तमिळ कळत नाही म्हणून घरी येऊन रोज रडायचे. मग आईनं मला शनिवारच्या मराठी क्लासला घातलं. तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एक निवृत्त शिक्षिका तो चालवायच्या. आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. बाईंकडे एक कपाट होतं, त्यात लोकांनी बदली होऊन जाताना सोडून दिलेली पुस्तकं. मुलं ती वाचत नाहीत म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. दर शनिवारी एकानं उभं राहायचं, वाचलेल्या पुस्तकाबद्दल पाच मिनिटं बोलायचं, आणि बाकीच्यांना ते वाचावंसं वाटेल असं करायचं. शेवट सांगायचा नाही. बोलून झालं की बाई विचारायच्या, "कोण नेणार?" ज्याला न्यायचं त्यानं हात वर करायचा. टाळ्या नाहीत, मार्क नाहीत. हात किती वर आले, तेवढंच. मी स्वतः एका भुताच्या पुस्तकाला पाच हात मिळवले होते आणि महिनाभर त्या तोऱ्यात वावरत होते.

मीना त्या वर्गात नवी आली. तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेले. तिचे अप्पा सरकारी कचेरीत होते, त्यांची बदली मद्रासला झाली होती. आम्ही 'खूप' म्हणायचो, ती 'बहु' म्हणायची. आम्ही 'कुठे', ती 'कोठे'. मध्येच तमिळ शब्द, आणि बोलणं सगळं तमिळच्या हेलात, खालीवर झोके घेत. आम्हा महाराष्ट्रातून आलेल्या पोरांना ती ऐतिहासिक नाटकातून सुटून आल्यासारखी वाटायची. तिची पाळी आली तेव्हा ती एक जाडजूड पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. रद्दीतून आलेलं. पहिली पानं गायब, त्यामुळे नाव कुणाला ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही. तिच्या अप्पांनी ते घरी शिवलं होतं आणि पडद्याच्या उरलेल्या हिरव्या कापडाचं कव्हर घातलं होतं. ती बोलायला लागली. "एक मुलगी होती. तिचा बाप होडी चालवीत असे. तो एक दिवस कोठे गेला तें कोणास कळलें नाही..." आणि मी हसले. सगळ्यांत आधी मी. मग माझं बघून सगळा वर्ग. बाईंनी डोळे वटारले, पण एकदा सुटलेलं हसू थांबतंय कुठे! मीना थांबली नाही. तशीच, हेल काढत, लाल होत पाच मिनिटं बोलली. शेवटी बाईंनी विचारलं, "कोण नेणार?" एकही हात नाही. पंखा फिरतोय, सगळे आपापल्या चपलांकडे बघताहेत, आणि ती मात्र पुस्तक पुढे धरून तशीच उभी. हात खाली घ्यायचं तिला सुचेना. ते मला बघवेना. मी हात वर केला.

पुस्तक तीन आठवडे माझ्या कपाटात चादरींखाली पडलं होतं. खरं सांगते, मी पहिलं पान उघडलं होतं. पण शाळेतला तमिळचा अभ्यास, नंतर कॅरम, नंतर कंटाळा. परत करायच्या दिवशी मीना दारातच उभी होती. "वाचलंस का डी?" 'डी' म्हणजे मैत्रिणीला लाडानं मारलेली हाक, आपल्याकडच्या 'गं'सारखी. त्या दिवशी तिनं मला पहिल्यांदा डी म्हटलं. मी म्हटलं, "हो तर! छान होतं." "शेवटपर्यंत?" "शेवटपर्यंत." तिनं पुस्तक घेतलं, मागची पानं जरा उघडून बघितली, आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. "सेरी," म्हणाली. ठीक आहे. आणि पिशवीतून चकलीसारखा मुरुक्कू काढून अर्धा मला दिला.

एवढ्यावर आमची मैत्री उभी राहिली, आणि टिकली. तिच्या अप्पांची पुन्हा बदली झाली, तेव्हा ती मावशीकडे राहिली पण क्लास सोडला नाही. मी इंजिनीअर झाले, लग्न केलं, कोडिंगमध्ये केस पांढरे केले. ती बँकेत लागली, लग्नाच्या फंदात पडली नाही, आणि बाई थकल्या तेव्हा तो शनिवारचा क्लास तिनं घेतला. मराठी नीट न येणारी, आपसांत तमिळ-इंग्रजी बोलणारी पोरं. नोकरीसाठी पुण्याहून आलेल्यांची आणि तंजावरच्या जुन्या घरांतली, एकाच चटईवर. बाईंचे नियम तसेच ठेवले, त्यात स्वतःचा एक घातला. पुस्तकाला 'छान' म्हणायचं नाही. कुणी लॅपटॉपवर रंगीत स्लाइड करून आणल्या आणि पहिल्याच स्लाइडवर 'छान पुस्तक' असलं की ती म्हणायची, "वाचीत नाही तो छान म्हणतो. तुला कोठे हसू आलें तें सांग. कोठे भीती वाटली तें सांग." पोरं बिचारी डोकं खाजवत उभी राहायची, आणि मग कुठलातरी खरा शब्द बाहेर पडायचा. एका मुलानं तर फक्त "मला बत्तीसाव्या पानावर भूक लागली" एवढ्यावर नऊ हात मिळवले होते.

दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन क्लासला जायचे. आणि दर संक्रांतीला मीना माझा हात धरून मला पोरांसमोर उभी करायची. "ही वैशूअक्का. माझी पहिली वाचक. हिनें त्या दिवशी हात वर केला नसता, तर मी मराठीत परत तोंड उघडलें नसतें." पोरं एकमेकांना कोपरानं ढोसून हसायची. मला वाटायचं, माझ्या नागपुरी हेलाला हसताहेत, आणि मनात म्हणायचे, घ्या, झाली परतफेड. पण आतून मी संकोचून जायचे. दर वेळी ठरवायचे, आज हिला सांगून टाकू. मग ती इतक्या कौतुकानं बघायची की जीभ रेटायची नाही. बरं, गुपचूप वाचून टाकावं म्हटलं तर पुस्तक एकच, ते कायम क्लासच्या कपाटात नाहीतर कुठल्यातरी पोराच्या घरी. नावही नाही, की दुकानात विचारावं. तिच्याकडे मागायचं म्हणजे कबूल करणं. असं करता करता वर्षं गेली... आणि बत्तीस वर्षांपूर्वीचं एक फुटकळ खोटं माझ्याएवढंच मोठं झालं.

ती गेल्यावर ते माझ्या मागे लागलं. हे कसं सांगावं मला कळत नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही, मला वेळही नसतो. पण बसमध्ये शेजारची जागा रिकामी असली की मी तिथे पिशवी ठेवेनाशी झाले. ऑफिसात कुणी मीटिंग संपवताना "सेरी" म्हटलं की मान वळायची. स्टेशनच्या पुलावर, भाजी घेताना, अंघोळ करताना, कानाशी तेच, "वाचलंस का डी?" रागानं नाही हो. रागानं असतं तर परवडलं असतं. नेहमीसारखंच, मुरुक्कू मोडता मोडता विचारल्यासारखं. आणि सारखा तिचा तो शुक्रवारचा चेहरा. डोळे मिटून ऐकणारा. बहु छान शेवट, डी... माझी झोप उडाली ती या शब्दावर. 'छान'. जो शब्द ती पोरांना तोंडातून काढू देत नव्हती, तो तिनं मला का दिला?

तेराव्याला जेवणं झाल्यावर रघूनं माझ्या हातात एक पिवळी कापडी पिशवी दिली. आत हिरवं पुस्तक. "अक्कानं तुला द्यायला सांगितलं होतं. पोरं येत्या शनिवारी तुझी वाट बघताहेत." मी विचारलं, "आणखी काही म्हणाली?" तो म्हणाला, "नाही. फक्त म्हणाली, घाई करू नको म्हणावं." मला ते त्या वेळी कळलं नाही.

तीन सकाळी, सिरुसेरीच्या बसमध्ये, मी ते पुस्तक वाचलं. कव्हरचं कापड हातांनी गुळगुळीत झालेलं, जिथे तिथे तेलाचे डाग. गोष्ट साधी आहे. बाप नाहीसा होतो, मुलगी होडी चालवायला लागते, नदीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं नेते, आणि बसणारा प्रत्येक जण तिला काही ना काही सांगतो. बाप परत येतो का, हे मी सांगणार नाही असं म्हणायला हवं, तसा नियमच आहे. पण इथे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक दाढीवाला प्रवासी होडीत बसतो. बोलत नाही. पलीकडे उतरतो, तिला मदत म्हणून दोर खुंट्याला बांधतो आणि झाडांआड निघून जातो. शेवटच्या प्रकरणात मुलगी परतीला दोर सोडायला वाकते, तर गाठ तिच्या बापाची. दोन वेढे आणि एक उलटा. ती वर बघते तर वाट रिकामी... भात नाही, घर नाही, काही नाही. ती दोर हातात धरून उभी राहते, संपलं.

आणि मी तिला सांगितलं होतं, गरम भात वाढते.

त्या दोन प्रकरणांच्या मध्ये, शिवणीतच हिरव्या दोऱ्यानं टाचलेला, एक आखीव कागद होता. घड्या पडून पिवळा झालेला. वर बारा वर्षांच्या मीनाचं टपोरं अक्षर: "जो येथवर आला तो माझा सोबती. आपलें नांव लिही. तो माणूस कोण, हें तुला केव्हा कळलें तें लिही. जे येथवर आले नाहीत त्यांस या कागदाविषयी सांगू नको." खाली आकडे घातलेल्या ओळी. दोनपासून शेवटपर्यंत भरलेल्या, वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या अक्षरात. कागद संपला तिथे दुसरा टाचलेला, मग तिसरा. 'मला त्याच्या हातावरून कळलं.' 'तो पाण्याकडे बघत नव्हता तेव्हाच.' 'मला कळलंच नाही, अम्मानं सांगितलं.' 'मला कळलं पण मी खरं मानलं नाही.' प्रत्येक ओळीपुढे मीनाची लाल पेन्सिलीची बारीकशी खूण. पुस्तक परत आलं की ती वाचून बरोबरची खूण करत असणार. आणि पहिली ओळ... आकडा एक, पुढे मीनाच्याच अक्षरात 'वैशाली', त्यापुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे काही नाही.

शोलिंगनल्लूरचा सिग्नल आला, गेला. मला काही दिसत नव्हतं. म्हणजे त्या दिवशी दारात उभं राहून तिनं मागची पानं उघडली तेव्हाच तिला कळलं होतं. मुरुक्कू मोडून दिला त्याच्या आधी. आणि नंतर ज्या ज्या पोरानं ते पुस्तक वाचलं, त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी तिळगूळ वाटत होते, पहिली वाचक म्हणून मिरवत होते, आणि चटईवरची अर्धी पोरं ती रिकामी ओळ पाहून आलेली होती! त्यांच्या हसण्याचा माझ्या हेलाशी काही संबंध नव्हता.

शनिवारी गेले. चौदा पोरं होती. मीनाची खुर्ची कुणी हलवली नव्हती, म्हणून मी उभीच राहिले. म्हटलं, "हे पुस्तक मी बत्तीस वर्षांपूर्वी वाचलं असं तुमची मीनाअक्का तुम्हाला सांगायची. ते खरं नाही. मी ते या आठवड्यात वाचलं." कुणी चपापलं नाही. पुढे बसलेली दोन वेण्यांची यामिनी, अकराएक वर्षांची असेल, शांतपणे म्हणाली, "माहिती आहे, अक्का." मी विचारलं, "सगळ्यांना?" "ज्यांनी वाचलंय त्यांना." मग म्हणाली, "आम्ही मीनाअक्काला विचारलं होतं, पहिल्या नंबरनं लिहिलं का नाही म्हणून. ती म्हणाली, वैशूअक्का अजून वाचते आहे. तिला वेळ लागतो. घाई करू नका."

तिथे मात्र माझा बांध फुटला. चौदा पोरांसमोर पदरानं डोळे पुसत मी उभी होते, आणि एक मुलगा माझ्यासाठी पाण्याची बाटली शोधत होता. मीना रागावली नव्हती, तिनं माझं नाव खोडलं नव्हतं, मला पकडलंही नव्हतं. तिनं जागा ठेवली होती. त्या शुक्रवारीसुद्धा शेवट विचारला तो मला पकडायला नाही. मी कबूल करण्याची ती शेवटची वेळ होती, तिनं दार उघडून धरलं होतं, आणि मी तिला गरम भात वाढून आले. म्हणून तिनं मला 'छान' दिलं. एवढंच तिनं मला बोलून दाखवलं, बत्तीस वर्षांत एकदाच.

मग मी ते पुस्तक सांगितलं. कुठे भीती वाटली ते सांगितलं, कुठल्या पानावर बस थांबल्याचं कळलं नाही ते सांगितलं. बोलून झाल्यावर विचारलं, "कोण नेणार?" ज्यांचं वाचून झालं होतं ते गप्प. बाकीचे पाच जण चपलांकडे बघत होते. पंखा फिरत होता. पुस्तक पुढे धरून मी उभी, आणि हात खाली कसा घ्यायचा ते मला कळेना... मग कोपऱ्यातून, त्याच महिन्यात क्लासला आलेल्या एका मुलीनं हात वर केला. तिला खरंच वाचायचं होतं की माझी कीव आली, कोण जाणे. मी विचारलं नाही. इतकंच म्हटलं, "घाई करू नको."

पुस्तक तिच्या हाती देण्याआधी कागद उघडून, यामिनीकडून पेन घेऊन, मी माझ्या रेघेपुढे लिहिलं: 'तो निघून गेल्यावर कळलं.' आता ती पिवळी पिशवी त्या मुलीच्या घरी आहे, आणि कानाशी अजून कधीतरी येतंच, वाचलंस का डी? मी हो म्हणते. कागदावरच्या सगळ्या ओळींपुढे तिची लाल खूण आहे. माझ्या ओळीपुढे नाही.